लपवल्याने व्यसन वाढते

2025 च्या फेब्रुवारीत तुळजापूर तालुक्यात एमडी पकडले गेले, अटकसत्र झाले. विकणारा गजाआड गेला, तरी घेणाऱ्याची तलफ उरतेच. बदनामी आणि पोलिसांच्या धास्तीने घरचे मुलाला लपवतात. आजार तिथेच बळावतो. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम 64-अ मात्र सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. सल्ल्यासाठी 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. पण दारू असो वा एमडी, व्यसन सुटते पाठपुराव्याने. मजुरी बुडवून दरवेळी जिल्ह्याच्या गावी कोण येईल? परंडा, उमरगा, कळंबच्या सरकारी रुग्णालयांत समुपदेशनाचा ठरलेला वार हवाच.