पहाटे चारला क्लब बंद झाला, मग पुढे?

डिसेंबरच्या सुट्टीचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला असेल, तर त्याचं नाव 'गोवा'वरून 'थायलंड' व्हायला फार दिवस लागणार नाहीत. कारण साधं आहे. १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला. सुरुवातीला ३० दिवसांसाठी, मग जुलै २०२४ मध्ये मुदत ६० दिवसांची झाली. (असे नियम बदलत असतात, निघण्याआधी ताजा नियम बघाच.) २०२४ या एका वर्षात २१ लाखांहून जास्त भारतीय तिथे जाऊन आले. मुंबईहून थेट विमान, व्हिसाची कटकट नाही, वर रील्स आहेतच.

व्हिसाचा निर्णय सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर महिनाभरातच झालेला दुसरा निर्णय आपल्याकडे फारसा चर्चेत आला नाही. १५ डिसेंबर २०२३ पासून बँकॉक, फुकेत, चियांग माई, पट्टाया ज्यात येतं तो चोनबुरी प्रांत आणि कोह सामुई इथल्या नाइट क्लबना पहाटे चारपर्यंत उघडं राहायची परवानगी मिळाली. आधी ही वेळ बऱ्याच ठिकाणी दोनची होती. कोविडमध्ये पर्यटन बसलं होतं, ते उठवायचं तर पर्यटकाला रात्री बाहेर ठेवलं पाहिजे, असं हे गणित. पैशांच्या बाजूने ते चुकीचं नाही. प्रश्न एवढाच की चार वाजता बाहेर पडलेला माणूस हॉटेलवर जाणार कसा?

फुकेतचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हा प्रश्न नकाशावरच दिसतो. तिथलं नाइटलाइफ म्हणजे मुख्यतः पाटाँग बीच आणि त्याला लागून असलेला बांगला रोड. संध्याकाळनंतर हा रस्ता गाड्यांना बंद करतात, त्यामुळे आत चालताना अगदी जत्रेत फिरल्यासारखं वाटतं. पण पाटाँगच्या एका बाजूला समुद्र आणि उरलेल्या बाजूंना डोंगर आहेत. बेटाच्या मधल्या भागातून, म्हणजे कथूकडून पाटाँगला येणारा रस्ता डोंगर चढून उतरतो. आपल्या भाषेत छोटा घाटच, फक्त उतार जास्त तीव्र आणि वळणं जास्त आखूड. हा रस्ता अपघातांसाठी आधीपासूनच बदनाम आहे. ऑक्टोबर २०२२ च्या पावसात तर त्याचा एक भाग खचून गेला होता. डोंगरातून बोगदा काढायचं कित्येक वर्षं चाललंय.

आता हॉटेल शोधताना आपण काय करतो? किंमत कमी ते जास्त असं सॉर्टिंग. स्वस्त खोल्या मिळतात त्या बऱ्याचदा डोंगराच्या पलीकडे. म्हणजे ज्याचं बजेट कमी, त्याच्या वाट्याला रात्रीचा घाट. हे कुठल्याच ट्रॅव्हल व्हिडिओत सांगत नाहीत.

आणि तो घाट चढायचा कशावर? भाड्याच्या स्कूटरवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार थायलंडमध्ये २०२१ साली लाख लोकसंख्येमागे साधारण २५ जणांचा रस्त्यावर मृत्यू झाला. भारताचा आकडा साधारण १५ आहे. म्हणजे आपल्या रस्त्यांना नावं ठेवून आपण जिथे जातो, तिथला धोका आपल्यापेक्षा मोठा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, थायलंडमधल्या रस्ते-मृत्यूंत जवळपास तीन चतुर्थांश वाटा मोटारसायकल, स्कूटर अशा गाड्यांवरच्यांचा आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये दुचाकीवरच्यांचा वाटा ४४.५ टक्के होता, आणि तोही काही कमी नाही. नवीन वर्ष आणि एप्रिलमधला सोंगक्रान, या दोन सणांच्या आसपासच्या आठवड्याला तिथलं सरकारच 'सात धोकादायक दिवस' म्हणतं आणि रोजचे अपघात मोजून जाहीर करतं. आपला थर्टी फर्स्ट नेमका त्यातच येतो.

मला या सगळ्यात आपली गोव्याची सवय सगळ्यात घातक वाटते. पुणे, कोल्हापूर, बेळगावच्या कॉलेजातली पोरं गोव्याला जातात, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली ॲक्टिव्हा घेतात, रात्री शॅकवरून तशीच परत येतात. बहुतेकदा काही होत नाही. मग 'काही होत नाही' हाच अनुभव बॅगेत भरून आपण फुकेतला नेतो. तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात. स्कूटरही ओळखीचीच. सगळं घरच्यासारखं वाटतं.

पण कागदोपत्री तुम्ही घरी नसता. गोव्यात तुमचा परवाना चालतो. थायलंडमध्ये त्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी लागतो. हा आपल्याच आरटीओत मिळतो, १००० रुपये फी आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. गंमत अशी की आयडीपीत तुमच्या मूळ परवान्यावर जे आहे तेवढंच उतरतं. आत्ता लायसन्स काढून बघा. त्यावर फक्त एलएमव्ही असेल, तर तुम्हाला कार चालवता येते, दुचाकी नाही. दुचाकीसाठी एमसीडब्ल्यूजी किंवा, फक्त बिनगिअरची असेल तर, एमसीडब्ल्यूओजी असं लिहिलेलं हवं. अनेकांनी कारची टेस्ट दिलेली असते आणि स्कूटर 'येतेच' म्हणून चालवत असतात.

आणि एक आयडीपी सगळीकडे चालतो असंही नाही. आपला आयडीपी १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार मिळतो. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानतो. त्यामुळे थायलंडमध्ये चाललेला कागद हा जियांगच्या मोटारसायकल सफरीत, जी सध्या आपल्या फीडवर जोरात आहे, कामाला येत नाही.

स्कूटर देणारा दुकानदार यातलं काहीच विचारत नाही. तो पासपोर्ट मागतो. त्याला तुमच्या चालवण्याची नाही, त्याच्या गाडीची काळजी असते. पासपोर्ट डिपॉझिट म्हणून ठेवायचा नसतो हे शंभर ठिकाणी लिहिलेलं आहे, तरी मूळ पासपोर्ट काउंटरवर ठेवून बीचवर गेलेले लोक कमी नाहीत. नाकाबंदीत परवान्यासाठी दंड भरला की पुढे चालवायला मोकळे, असाही एक समज ऐकू येतो. दंड भरल्याने परवाना मिळत नाही. तुम्ही कालही विनापरवाना होता, आजही आहात.

दारूचं गणित तर फारच फसवं आहे. भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, थायलंडमध्ये ५०. ऐकून बरं वाटतं. पण वय २० पेक्षा कमी असेल, परवाना तात्पुरता असेल किंवा परवानाच नसेल, तर तिथली मर्यादा २० वर येते. म्हणजे वैध परवान्याशिवाय स्कूटरवर बसलेल्या पर्यटकाला सूट नाहीच, उलट नियम कडक होतो. चाचणी द्यायला नकार दिला, तर प्यायलेले आहात असंच धरलं जातं. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ हजार ते २० हजार बाहत दंड, किंवा दोन्ही. (तिथे दारू प्यायचं वयही २० आहे, हे एफवाय-एसवायवाल्यांनी लक्षात घ्या.)

दंड, कैद वगैरे गोष्टी आपण हसण्यावारी नेतो. हॉस्पिटलचं बिल तसं नेता येत नाही. तिकिटाबरोबर तीन-चारशे रुपयांत ट्रॅव्हल इन्शुरन्सवर टिक केलेली असते, त्यामुळे सगळ्यांना वाटतं आपण कव्हर्ड आहोत. पॉलिसीतला 'एक्सक्लूजन्स' हा भाग कोणी उघडत नाही. बहुतेक पॉलिसींमध्ये लिहिलेलं असतं की त्या गाडीचा त्या देशात चालणारा परवाना नसेल, चालवणारा दारू प्यायलेला असेल किंवा स्थानिक कायदा मोडलेला असेल, तर दावा नाकारता येतो. आता पहाटे चारचं चित्र परत बघा. आयडीपी नाही, दोन बिअर झालेल्या, हेल्मेट डिकीत. एकाच वेळी तिन्ही अटी मोडलेल्या. पॉलिसी खिशात असते, पण तिचा उपयोग शून्य. पर्यटक जातात ती खासगी हॉस्पिटलं पैशांची हमी आधी मागतात. इकडे आई-बाबांना फोन येतो तो लाखांच्या आकड्याचा. मागे डबलसीट बसलेल्या मैत्रिणीने काहीच चालवलेलं नसतं, तरी तिच्या क्लेमवर प्रश्न येऊ शकतात.

मग चूक कोणाची? 'पर्यटकांनी काळजी घ्यावी' हे उत्तर मला अपुरं वाटतं. चारची परवानगी देताना थाई सरकारने क्लबमध्ये ग्राहकांच्या श्वासचाचणीची सोय ठेवायची अट घातली होती, आणि ती चांगली आहे. पण ती गाडी पार्किंगमध्ये लावून आलेल्यासाठी. दोन गल्ल्या सोडून लावलेली भाड्याची स्कूटर दारावरच्या माणसाला दिसतच नाही. जिथे सगळ्यात सोपं आहे, म्हणजे स्कूटरच्या दुकानात, तिथे परवाना तपासायची सक्ती नीट राबवली तर अर्धा प्रश्न तिथेच अडेल. बालीचे गव्हर्नर वायन कोस्टर यांनी मार्च २०२३ मध्ये परदेशी पर्यटकांना भाड्याने मोटारसायकल देणंच बंद करावं अशी भूमिका घेतली होती. त्यावर तिथल्या व्यावसायिकांनी ओरड केली, आणि ती समजण्यासारखी आहे, कारण हजारो घरं त्या भाड्यावर चालतात. सरसकट बंदी मलाही पटत नाही. पण परवाना न बघता चावी देणाऱ्याला काहीच झळ लागत नाही, हे बदलायला हवं. आपल्या गोव्यातही.

तोपर्यंत तुमच्या हातात थोडंफार आहे. फुकेतमध्ये ग्रॅब आणि बोल्ट ही ॲप चालतात, चौघांत गाडी परवडते. १६६९ हा ॲम्ब्युलन्सचा आणि ११५५ हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर, दोन्ही आत्ताच सेव्ह करा. बांगला रोडपासून चालत जाता येईल असं हॉटेल थोडं महाग पडेल. ग्रुपवर त्याचा पोल टाका, पण बुकिंगच्या आधी. एकदा डोंगरापलीकडची खोली घेतली की रात्रीचा घाट ठरलेलाच.