पहिली दुर्बीण

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां सुरू झाली, त्या दिवशीं आठव्या इयत्तेंतील एक विद्यार्थी नवी दुर्बीण घेऊन मजकडे आला. वडिलांनीं पगारांतून थोडे थोडे पैसे शिल्लक टाकून ती आणिली होती. पेटीवर 'वीस पट' असें ठळक अक्षरांत छापलेलें असून पुढील भिंगें माणकासारखीं लाल चमकत होतीं. मुलगा मात्र खिन्न दिसला. "सर, हिच्यांतून मला कांहींच नीट दिसत नाहीं. माझेच डोळे बिघडले आहेत काय?" असें त्यानें हळूच विचारलें. वडिलांस वाईट वाटेल म्हणून घरीं तो कांहीं बोलला नव्हता.

सायंकाळीं आम्ही दोघे उल्हास नदीच्या कांठीं गेलों. मीं दुर्बीण डोळ्यांस लाविली, तों पलीकडच्या कांठावरील बगळा क्षणभर दिसे व लगेच थरथरत दृष्टीआड होई. मुलाचे डोळे निर्दोष होते. निवड चुकली होती. येथील रेयॉनचा कारखाना २००९ सालीं बंद पडल्यावर आपल्या मोहने गांवांतील अनेक घरांनीं ओढाताणीचे दिवस काढिले आहेत. अशा ठिकाणीं हौसेच्या एका वस्तूमागें किती काटकसर असते, हें मी जाणतों. म्हणून पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें ह्या विषयावर चार शब्द ठेवण्याचें धाडस करितों.

माझें मत असें कीं, पहिली दुर्बीण आठ पटींचीच असावी. दुर्बिणीवर ८×४२ असे दोन आंकडे कोरलेले असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट जवळ भासते तें सांगतो. ८० मीटरांवरील पक्षी १० मीटरांवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आंकडा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. विकणारा पहिल्या आंकड्याची थोरवी गातो, आणि आपणही 'जितका मोठा तितका चांगला' असें समजून फसतों. परंतु भिंग जसें पक्ष्यास मोठें करितें, तसेंच तें हाताच्या कंपासही मोठें करितें. वीस पटींच्या दुर्बिणींत हाताचा बारीकसा कंपही वीस पट होतो. शिवाय दृष्टीचें क्षेत्र आकुंचित होतें. साधारण आठ पटींच्या दुर्बिणीनें १००० मीटरांवर सुमारें १२० ते १४० मीटर रुंदीचा प्रदेश एकदम दिसतो. वीस पटींत त्याच्या निम्माही दिसत नाहीं. मग उडता खंड्या सांपडावा कसा?

प्रकाशाचाही विचार करावा. दुसऱ्या आंकड्यास पहिल्यानें भागिलें म्हणजे डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते. ८×४२ मध्यें ती सव्वापांच मिलिमीटर, तर २०×५० मध्यें केवळ अडीच. दुपारीं आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून हा भेद जाणवत नाहीं. तिन्हीसांजेस मात्र ती विस्तारते, आणि मग अरुंद झोताची दुर्बीण अंधुक वाटूं लागते. पांखरें तर पहांटे व सायंकाळींच अधिक दिसतात.

कोणी म्हणेल, "मूल मोठें होईल, हात स्थिर होईल, मग एकदांच मोठी कां घेऊं नये?" ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. ज्यास केवळ आकाशच पाहावयाचें आहे व जो तिकटीचा आधार घेणार आहे, त्यानें खुशाल मोठी घ्यावी. परंतु पहिल्या दुर्बिणीस नदीकांठ, डोंगर, सहल व चंद्र हीं सर्व कामें करावयाचीं असतात. आणि जी हातांत स्थिर राहत नाहीं, ती लौकरच कपाटांत जाते. पट कमी-अधिक करणाऱ्या स्वस्त दुर्बिणी व लाल भिंगें ह्यांपासूनही दूर राहावें. लाल लेपानें प्रतिमा सुधारत नाहीं. रंग मात्र बिघडतात.

दुकानांत गेल्यावर मुलास बरोबर न्यावें. लहान मुलाच्या डोळ्यांतील अंतर कमी असतें. दोन्ही नळ्या तेवढ्या जवळ येतात कीं नाहीं, हें त्याच्याच डोळ्यांनीं पाहावें. चष्मा असल्यास, भिंगापासून निदान १५ मिलिमीटर अंतरावर डोळा ठेवूनही सगळें दृश्य दिसलें पाहिजे. मग दूरच्या इमारतीची उभी कड पाहावी. ती दुहेरी दिसली किंवा डोळ्यांवर ताण आला, तर ती दुर्बीण परत ठेवावी. पैसे बेताचे असल्यास नागमोडी नळ्यांची जुन्या घाटाची दुर्बीण घेण्यांत कमीपणा नाहीं. इटालियन शास्त्रज्ञ पोरो ह्यानें १८५४ सालीं योजिलेल्या लोलकांवर ती आधारलेली असते, व त्याच किंमतींत बहुधा सरळ नळ्यांच्या दुर्बिणीहून स्वच्छ प्रतिमा देते. आपल्या कोंकणपट्टींतील पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून ती ओल शोषणाऱ्या पुडीसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. आणि एक नियम कधींही मोडूं नये: दुर्बीण सूर्याकडे रोखूं नये. एका क्षणांत दृष्टि कायमची जाऊं शकते.

तथापि साधनापूर्वीं जिज्ञासा हवी. मुंबईंत १८९६ सालीं जन्मलेले सलीम अली लहानपणीं एका चिमणीच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून चकित झाले. १९०८ सालीं ते ती चिमणी घेऊन बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले, आणि तेथील चिटणीस मिलार्ड ह्यांनीं त्यांच्यापुढें पक्ष्यांचा संग्रह उघडला. त्यांच्या थोर कार्याचा आरंभ दुर्बिणीनें झाला नाहीं. एका प्रश्नानें झाला. डोंगरावरील प्रवचनांत प्रभु येशूनेंही आपल्या श्रोत्यांची दृष्टि आकाशांतील पांखरांकडे वळविली, ती उघड्या डोळ्यांनींच. तेव्हां प्रथम महिनाभर नदीकांठीं नुसतें बसावें. बगळा व पाणकावळा ओळखतां येऊं लागले आणि त्यापुढें पाहण्याची तहान लागली, म्हणजे दुर्बीण मागावी. पुढें हिंवाळ्यांत ठाण्याच्या खाडीवरील रोहित पक्षी पाहावयास जावें. त्या खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं अभयारण्य झाला, व २०२२ सालीं तिला रामसर यादींत स्थान मिळालें.

त्या विद्यार्थ्यास मीं सांगितलें, "वडिलांस खरें तें सांग, आणि ही दुर्बीण फेंकूं नकोस." पुढच्या आठवड्यांत बापलेकांनीं ती गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून तिजवर टेंकविली व अर्ध्या चंद्राकडे लाविली. हातांत निरुपयोगी ठरलेली ती वस्तु आधार मिळतांच स्थिर झाली. चंद्रावरील विवरें स्वच्छ दिसलीं. सुमारें वीस पटींच्याच दुर्बिणीनें गॅलिलिओनें १६१० सालीं गुरूचे चार चंद्र पाहिले होते, हें मीं त्यांना मागाहून कळविलें. वडील म्हणाले, "सर, आतां गुरु कोठें उगवतो तें सांगा."

पालकहो, मुलांस मोठें भिंग देण्यापेक्षां त्यांच्या शेजारीं घटकाभर उभे राहा. मग आठ पटीही पुष्कळ होतात.