शस्त्रक्रिया संपते, सेवा संपत नाही

2003 च्या जुलै महिन्यात दिल्ली-लाहोर बससेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्या बसमधून आलेल्या एका पाकिस्तानी बालिकेवर बंगळूर येथे हृदयशस्त्रक्रिया झाली. भारतीय शल्यचिकित्सकांच्या कौशल्याची ती साऱ्या उपखंडाला पटलेली साक्ष होती. पुढील दोन दशकांत बांगलादेश, इराक, ओमान, मालदीव आणि आफ्रिकेतील अनेक देशांतून रुग्णांचा ओघ आपल्याकडे वाढत गेला. त्याला आपण ‘वैद्यकीय पर्यटन’ असे नाव दिले. हे नावच दिशाभूल करणारे आहे. पर्यटक स्मृती घेऊन परततो. रुग्ण मात्र ओली जखम घेऊन विमानात चढतो.

विमानातील हवेचा दाब साधारणतः सहा ते आठ हजार फूट उंचीवरील दाबाइतका असतो. शरीरात कोंडलेली हवा तेथे प्रसरण पावते. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू सोडला असेल, तर तो विरण्यापूर्वी केलेला विमानप्रवास दृष्टीवर बेतू शकतो. गुडघा वा खुबा बदललेल्या रुग्णाच्या पायात दीर्घकाळ बसून राहिल्याने रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका वाढतो. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा पोटाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर 4 ते 5 दिवस, तर बायपासनंतर 10 दिवस विमानप्रवास टाळण्यास सांगते. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यास तर आजन्म औषधे घ्यावी लागतात आणि रक्तातील त्यांचे प्रमाण वारंवार तपासावे लागते. ही तपासणी त्याच्या गावी होते काय, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारला गेला पाहिजे.

हा विचार आपल्याला परका नाही. सुश्रुतसंहितेने चिकित्सेचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन भाग केले आहेत. व्रणी रुग्णाचे घर, शय्या, आहार, इतकेच नव्हे तर त्याच्याशी गोड बोलणारे सुहृद यांच्यासाठी त्या ग्रंथात स्वतंत्र अध्याय आहे. सुश्रुताचा गौरव करणाऱ्या समाजाने पश्चात्कर्म मात्र रुग्णाच्या नशिबावर सोपवावे, ही विसंगती आहे.

2010 मध्ये प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंतील एका विकराच्या नावात ‘न्यू डेल्ही’ आल्याने वादंग माजले. आपला आक्षेप रास्त होता. तथापि आक्षेप नोंदविल्याने संसर्ग थांबत नाही. मायदेशी परतलेल्या रुग्णाची जखम चिघळली, तर तेथील डॉक्टर भारताविषयी जे मत बनवितो, ते कोणत्याही जाहिरातीने पुसले जात नाही.

यास्तव काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या अंदाजातच विश्रांतीचे दिवस आणि पुढील तपासण्या धरल्या जाव्यात. घरी सोडतानाचा वैद्यकीय सारांश रुग्णाला कळेल अशा भाषेत असावा व त्यात औषधांची मूळ नावे असावीत, कारण व्यापारी नावे देशागणिक बदलतात. 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी देशाबाहेरील सल्ल्याचा विषय आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. ज्याने शस्त्रक्रिया केली त्यालाच दूरध्वनीवरून सल्ला देताना नियमाचा आधार नसावा, हे योग्य नव्हे. शासनाने ही उणीव दूर करावी.

समाजाचेही काही कर्तव्य आहे. परळ येथे नाना पालकर स्मृती समितीने परगावच्या रुग्णांसाठी उभारलेले काम आपणांस परिचित आहे. मोठ्या रुग्णालयांच्या परिसरात अशा निवासांची आणि दुभाषी कार्यकर्त्यांची जोड परदेशी रुग्णांनाही मिळावी. आपल्या घरांतही सुटीचे दिवस मोजून, परतीचे तिकीट हाती घेऊनच शस्त्रक्रियेसाठी येणारे परदेशस्थ आप्त असतात. परतीचा दिवस डॉक्टरांनी ठरवावा, विमान कंपनीने नव्हे, एवढे तरी त्यांना निक्षून सांगावे. अतिथीला देव मानणाऱ्यांनी त्याला केवळ दारापर्यंत नव्हे, तर बरा होईपर्यंत सोबत करावी.