अ‍ॅडम्स यांची उरलेली सतरा वर्षे

मा. संपादक,


अमेरिकेच्या आरंभीच्या राष्ट्राध्यक्षांवरील आपल्या लेखमालेत जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांची ‘अयशस्वी अध्यक्ष’ म्हणून दोन शब्दांत बोळवण केली आहे. ती पटली नाही.

अध्यक्ष म्हणून ते फिके पडले, हे मान्य. १८२४ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ निर्वाचक मते होती, अ‍ॅडम्सना ८४. बहुमत कोणालाच नसल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि हेन्री क्ले यांच्या पाठिंब्यावर अ‍ॅडम्स जिंकले. मग त्याच क्लेंना त्यांनी परराष्ट्रमंत्री केले! सौदा झाल्याचे कधी सिद्ध झाले नाही, पण संशयाला जागा त्यांनीच करून दिली. १८२८ मध्ये जॅक्सननी त्यांना घरी पाठवले.

आपला लेख इथेच आटोपतो आणि खरी कामगिरी गाळली जाते. देशाचे सर्वोच्च पद भोगलेला हा गृहस्थ १८३१ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा साधा प्रतिनिधी म्हणून सभागृहात जाऊन बसला आणि मरेपर्यंत उठला नाही. १८३६ मध्ये सभागृहाने नियम केला, की गुलामगिरीविषयी कोणताही अर्ज आला तरी तो न छापता, चर्चा न करता बाजूला ठेवायचा. अ‍ॅडम्स अर्ज आणतच राहिले. फेब्रुवारी १८३७ मध्ये त्यांनी सभापतींना साळसूदपणे विचारले, खुद्द गुलामांचा म्हणून एक अर्ज माझ्याकडे आलाय, त्याला हा नियम लागतो का? दक्षिणेकडचे सदस्य खवळले, निषेधाचे ठराव आले. त्यांना मनसोक्त ओरडू दिल्यावर अ‍ॅडम्सनी सांगितले, की अर्जातली मागणी गुलामगिरी रद्द करण्याच्या विरोधातली आहे! हा नियम डिसेंबर १८४४ मध्ये गेला, तोही त्यांच्याच ठरावाने. मधे १८४१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, ‘आमिस्टाड’ जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली, ते सुटले.

त्यांचा भर अर्ज करण्याच्या हक्कावर होता, गुलामगिरी तातडीने संपवण्यावर नव्हता, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण विषयच काढायची बंदी असताना आधी ती बंदी मोडण्यावाचून इलाज काय होता? महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची, गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या अमेरिकी लोकांना वाहिलेली अर्पणपत्रिका ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा भाग तरी सांगायला हवा होता.

लेखमालेचे पुस्तक करणार असाल, तर अ‍ॅडम्स यांच्यावरचे प्रकरण कृपया नव्याने लिहून घ्यावे.

– एक वाचक, सातारा