बंदुकीचा परवाना आणि घरची वही

शेतकऱ्याची बंदूक ही सरदाराची हौस नव्हे. कोंकणांत व सह्याद्रीच्या कडेला ज्यांचीं शेतें आहेत त्यांना हें सांगावयास नको. भात पोटरीला आलें कीं रानडुकरें रातोरात येऊन वर्षाचें पीक लोळवून जातात. माळ्यावर बसून डबा बडविणारा मनुष्य अखेर किती रात्री जागणार? म्हणून कित्येक घरीं पीकसंरक्षणाचा परवाना काढून ठासणीची बंदूक ठेवलेली असते. ती बंदूक चोरानें किंवा गंजानें जात नाहीं, कागदानें जाते, आणि त्याविषयीं चार शब्द लिहिणें आज भाग आहे.

आमच्याच गांवची गोष्ट. एका वृद्ध शेतकऱ्यानें परवान्याच्या नूतनीकरणासाठीं अर्ज केला. चौकशींत साहेबांनीं विचारलें, "दारू किती घेतली, किती उडविली, शिल्लक किती?" म्हातारा प्रामाणिकपणें म्हणाला, "साहेब, लागली तशी उडवली." एवढ्या उत्तरावर फाईल बाजूला पडली. मुदत संपली तशी बंदूक ठाण्यांत जमा करावी लागली, आणि दोन दिवाळ्या गेल्या तरी ती तेथेंच आहे. तेवढ्या काळांत डुकरांनीं भात किती खाल्लें याचा हिशेब मात्र कोणी विचारला नाहीं.

पूर्वीं परवान्याची मुदत तीन वर्षांची असे. २०१९ सालच्या दुरुस्तीनें ती पांच वर्षांची झाली. खेपा वांचल्या हें ठीकच. परंतु चार वर्षांपूर्वींच्या आश्विनांत किती बार काढले, हें कोणाच्या ध्यानांत राहाणार? दारूगोळा घेतल्याची नोंद परवान्यावर होते. म्हणजे घेतल्याचा दाखला सरकारी कागदावर, आणि खर्चल्याचा दाखला आमच्या डोक्यांत! सावकाराच्या हातून आमचे आजेपणजे बुडाले ते असेच. त्याच्याकडे लिहिलेलें होतें, आमच्याकडे आठवलेलें होतें.

उपाय शाळेच्या एका वहीएवढा आहे. पहिल्या पानावर परवान्याचा नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि दारूगोळ्याची जी मर्यादा परवान्यावर लिहिली असेल ती जशीच्या तशी उतरून घ्यावी. दारू, छर्रे व टोप्या यांना निरनिराळीं पानें असावीं. खरेदी केली कीं तारीख, वजन व पावतीचा नंबर लिहावा आणि पावती तेथेंच चिकटवावी. बार काढला कीं त्याच दिवशीं कोणतें शेत, कशासाठीं, किती बार, शिल्लक किती, हें लिहावें. दारू भरण्याचें माप एकच ठेवलें तर बारांच्या संख्येवरून खर्च घरचें पोरहि काढील. पावसाळ्यांत दमटून दारू वाया गेली तर तीहि लिहावी. खाडाखोड करूं नये. चुकलें तर आडवी रेघ मारून खालीं नीट लिहावें. पांच वर्षांची वही एका बैठकींत, एकाच शाईनें लिहून काढणारे शहाणेहि निघतील. गृहपाठ तपासण्यांत आमचीं वीस वर्षें गेलीं आहेत. असली वही आम्ही लांबून ओळखतों, आणि फौजदार आमच्याहून भोळा नसतो.

लिहावें तें खरें लिहावें. जनावर मारावयाचें तर बंदुकीचा परवाना पुरत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाखालीं लेखी परवानगी वेगळी लागते. ज्यांच्याकडे काडतुसाची बंदूक आहे त्यांनीं रिकामीं काडतुसें घरीं भरण्याच्या भानगडींत पडूं नये, कारण दारूगोळा तयार करण्यास निराळा परवाना पाहिजे. आमच्या लोहारबंधूंनाहि हें सांगणें जरूर आहे. शेजाऱ्याच्या बंदुकीचा घोडा ढिला झाला म्हणून भिडेखातर तो बसवून दिला, तरी ती दुरुस्तीच. आणि हत्यारांच्या कायद्याच्या ५ व्या कलमांत बनविण्याबरोबर दुरुस्तीहि आली आहे. अशा भिडेनें तुरुंग दिसतो.

आतां दुसरी बाजू. १८७८ चा कायदा परक्या सरकारनें रयतेला निःशस्त्र ठेवण्यासाठीं केला होता. त्याच्या जागीं आलेल्या १९५९ च्या कायद्यांत खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा १३ व्या कलमांत स्पष्ट उल्लेख आहे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येत नाहीं, असें १४ वें कलम सांगतें. १५ व्या कलमाप्रमाणें परवाना नवा करून देणें हा नियम आहे, आणि न देण्याचीं कारणें अधिकाऱ्यानें लेखी नोंदविलीं पाहिजेत. सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर मागणी केल्यावर तीं थोडक्यांत लिहून मिळतात, आणि त्यावर अपील चालतें. तेव्हां "उद्यां या" असें तोंडी ऐकून परत फिरूं नये. नकार असेल तर कारण लेखी मागावें, व मागितल्याची पोंच घ्यावी. पण ज्याच्या हातांत वही नाहीं त्याला हें मागण्याचें धैर्य कोठून येणार?

अर्ज मुदतीच्या निदान दोन महिने आधीं द्यावा. बापाच्या नांवाचा परवाना आणि बाप वारलेला, अशीं घरें आमच्या माहितींत आहेत. बंदूक खुंटीला तशीच लटकत असते. ती मुलाची आपोआप होत नाहीं. २१ व्या कलमाप्रमाणें ती विनाविलंब ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून, पावती घेऊन, आपल्या नांवचा अर्ज द्यावयाचा असतो. भात कापणीनंतर पाहूं, असें म्हणून हें काम लांबवूं नये.