चढाओढ, सहकार्य आणि बंधुभाव : युरोपांतील दुधाचा धडा

बाजार मोकळा सोडला म्हणजे सर्वांचें भलें होतें, असें एक पक्ष म्हणतो. बाजारास वेसण घातल्यावांचून गरिबाचा निभाव लागत नाहीं, असें दुसरा म्हणतो. हा वाद आमच्याकडे नित्य चालतो. परंतु युरोपांतील राष्ट्रांनीं साठ वर्षांहून अधिक काळ कायदे करून, चुका करून व त्या दुरुस्त करून या प्रश्नाचा जो अनुभव मिळविला आहे, तो शेतकरीवर्गानें लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. इ. स. १९८५ ते १९९५ पर्यंत युरोपीय आयोगाचे अध्यक्ष असलेले जाक डेलॉर यांच्या मतें या धोरणास तीन आधार हवेत : हुरूप आणणारी चढाओढ, बळ देणारें सहकार्य आणि सर्वांस एकत्र बांधणारा बंधुभाव. तिन्ही गोष्टी चांगल्या. पण कोणती किती, हा खरा प्रश्न आहे. आमचें म्हणणें असें कीं, सहकार्यावांचून चढाओढ ही दुर्बळाची लूट होते, आणि माप नसलेला बंधुभाव शेवटीं सबळाच्याच घरीं जातो.

१९५७ सालीं रोम येथें फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड व लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनीं सामायिक बाजारपेठेचा करार केला. विकणारांनीं संगनमतानें भाव ठरवूं नयेत, असा नियम त्यांत घातला. मात्र शेतीस तो सरसकट लागू न करितां, राष्ट्रांच्या मंत्र्यांची सभा ठरवील तेवढाच लागावा, असें कलम ठेविलें. याचें कारण उघड आहे. कारखानदार माल कोठारांत ठेवून भावाची वाट पाहूं शकतो. सकाळीं काढलेलें दूध वाट पाहत नाहीं. जेथें घेणारा एक आणि विकणारे हजार, तेथें मोकळी चढाओढ म्हणजे पैलवानानें पोराशीं धरलेली कुस्ती होय.

यावर उपाय जुनाच आहे. डेन्मार्कांत जटलंड प्रांतीं १८८२ सालीं शेतकऱ्यांनीं पहिली सहकारी दुग्धशाळा काढली. पुढें देशभर पसरलेल्या या संस्थांत मताचा अधिकार गाईंच्या संख्येवर नव्हे, तर माणशीं एक असा असे. दोन गाईंचा धनी व पन्नास गाईंचा धनी यांचें लोणी एकाच प्रतीचें होऊन इंग्लंडच्या बाजारांत मानानें विकूं लागलें. जर्मनींत राइफायझेन यांनीं पतपेढ्यांच्या द्वारें हेंच तत्त्व चालविलें. आमच्याकडील १९०४ च्या सहकारी कायद्यामागें तोच नमुना होता. २०१२ सालीं युरोपीय संघानें दूध-उत्पादकांच्या संस्थांस सभासदांच्या वतीनें दर ठरविण्याची स्पष्ट मुभा दिली. पण तिलाही मर्यादा घातली : एका संस्थेचें दूध त्या वेळच्या नियमाप्रमाणें साऱ्या संघाच्या उत्पादनाच्या शेंकडा ३.५ व आपल्या राष्ट्राच्या उत्पादनाच्या शेंकडा ३३ यांहून अधिक नसावें. दुर्बळांची एकी पुढें स्वतःच मक्तेदार होऊं नये, हा त्यांतील हेतु. नंतर २०१९ सालीं, मोठ्या खरेदीदारानें लहान उत्पादकास नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या आंत दिलेच पाहिजेत, असेंही ठरविलें.

आतां बंधुभावाकडे वळूं. सरकारनें लोण्यास व दुधाच्या भुकटीस भावाची हमी दिली. तेव्हां १९७० नंतरच्या काळांत सरकारी कोठारांत दोहोंचे डोंगर साचले. तो माल अनुदान देऊन परदेशीं स्वस्तांत विकल्यानें कांहीं गरीब देशांतील दूधवाल्यांचा बाजार बसला. आपल्या घरचा बंधुभाव दुसऱ्याच्या दारीं अन्याय होऊन उतरला! मग १९८४ सालीं प्रत्येकाच्या दुधाचें प्रमाण बांधून दिलें. तें बंधन ३१ मार्च २०१५ रोजीं उठलें, आणि दूध वाढून भाव कोसळले. २०१६ सालीं संघानें १५ कोटि युरो बाजूस काढून, जो आपखुषीनें दूध कमी करील त्यास कमी केलेल्या दर किलोमागें १४ सेंट देऊं केले. एकट्यानें दूध कमी केलें तर त्याचेंच नुकसान. पुष्कळांनीं मिळून केलें तर सर्वांचा भाव सावरतो. ही मदत आम्हांस शहाणपणाची वाटते.

परंतु मोठी मदत या रीतीची नव्हती. १९९२ पासून हमीभाव उतरवून त्याऐवजीं क्षेत्रावर रक्कम देण्याची प्रथा पडली, आणि थेट मदतीचा सुमारें शेंकडा ८० भाग शेंकडा २० खातेदारांकडे जाऊं लागला. महसुलाच्या दप्तरांत ज्यांचा जन्म गेला, त्या आम्हांस याचें नवल वाटत नाहीं. मदत जमिनीवर बांधली म्हणजे ज्याचा उतारा लांब त्याची झोळी मोठी. आणि दुसऱ्याची जमीन तोंडी बोलीवर कसणाराचें नांव कागदावर येतच नाहीं. २०२३ पासून थेट मदतीपैकीं किमान शेंकडा १० भाग लहान व मध्यम शेतांकडे वळवावा, असा सामान्य नियम संघानें केला. दिशा योग्य आहे. पाऊल लहान आहे.

शेतकऱ्यांसही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भाव पडला कीं संस्थेच्या दारीं यावयाचें, आणि बाहेर दोन पैसे अधिक मिळाले कीं तिकडे जावयाचें, ही रीत सोडल्यावांचून कोणताही कायदा त्यांस तारणार नाहीं. दुधाच्या गुणांत चढाओढ अवश्य करावी. दर ठरवितांना मात्र एक राहावें.

आणि जे राज्यकर्ते मदतीचे नियम करितात, त्यांनीं डेन्मार्कच्या त्या दुग्धशाळांचा दाखला डोळ्यांपुढें ठेवावा. मत जसें गाईंवर न मोजतां माणसावर मोजलें, तशी मदतही क्षेत्रावर न मोजतां कसणाऱ्या माणसाकडे पाहून मोजावी, असें आमचें नम्र परंतु निश्चित मत आहे.