शाळा संपल्यावर

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची विशेष शाळा साधारण १८ व्या वर्षी संपते आणि दप्तर कायमचे खुंटीला लागते. त्यापुढे आधार उरतो तो वस्तीतल्या कार्यशाळांचा आणि दिवसा चालणाऱ्या केंद्रांचा. तिथे पणत्या रंगतात, राख्या, कागदी पिशव्या तयार होतात. पण खरे शिक्षण असते ते बस पकडण्याचे, सुटे पैसे मोजण्याचे, चहा करून सोबत्याला देण्याचे. दिवाळीच्या प्रदर्शनापुरते कौतुक मुलाला पुरत नाही. १९९९ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘दिशा-सह-विकास’ योजना अशाच केंद्रांसाठी आहे. मात्र केंद्र लांब असले की ने-आण बहुधा आईवर पडते आणि ती थकली की मुलाचे जाणेही थांबते. असे केंद्र प्रत्येक प्रभागात हवे.